उंबऱ्याबाहेर फाडलेलं पत्र

२८ ऑक्टोबर १९४६, सोमवार

साताऱ्याहून आत्ता आलो. दिवसभर पेन्शनच्या हापिसातल्या बाकावर. तिथल्या कारकुनाला सगळे भाऊसाहेब म्हणतात, मीही म्हणालो. माणूस बरा आहे. तपकीर ओढतो, पण समोरच्याचं ऐकून घेतो. तरी उत्तर मागचंच. पलटणीच्या डेपोतून माझा कागद आलाय. नाईक हैबती साळुंखे, नाव कापलं, कारण : गरज उरली नाही. डाव्या पायाबद्दल एक अक्षर नाही.

इस्पितळाची कागदं ब्रह्मदेशच्या हद्दीवरून मागं हटताना जाळली. ते मी स्ट्रेचरवर पडून डोळ्यांनी पाहिलंय. धुरानं खोकला आला म्हणून शिव्यापण घातल्या. माझा मोडलेला गुडघा त्याच जाळात चाललाय हे तेव्हा कुठं ठाऊक.

भाऊसाहेब म्हणाले, "पाय लढाईवर मोडला की गावी आंब्यावरून पडून, हे सरकारला कळावं कसं?"

म्हणालो, सरकारला इकडं बोलवा, पाय दाखवतो. हे बोलायला नको होतं. माझं तोंड असंच आहे.

पण त्यांनी राग धरला नाही. म्हणाले, जखमी झाल्याचं सरकारी पत्र तेव्हा घरी आलं असेल. त्यावर तारीख, ठिकाण, सगळं असतं. ते आणा, बाकी माझ्याकडं लागलं.

एवढं सोपं होतं! मोटारीत शेजारच्याला उगीच विडी दिली. सोनाला अजून सांगितलेलं नाही, ती झोपायच्या तयारीत आहे. उद्या सांगतो.

२९ ऑक्टो.

सांगायला नको होतं.

सकाळी भाकरी थापत होती. विचारलं, मी जखमी झालो तेव्हाचं पत्र कुठं ठेवलंय? हात थांबला. भाकरी तव्यावर करपली तरी बघेना.

"फाडलं की."

"कुणी?"

"म्या."

मग हळूहळू सगळं निघालं. पोस्टमननं पत्र आणलं ते इंग्रजीत. मास्तरांना बोलावलं. मास्तर उंबऱ्यात उभं राहून वाचायला लागले. पहिलीच ओळ, कळवण्यास वाईट वाटतं की. एवढं ऐकलं आणि वहिनीनं हंबरडा फोडला. सोना म्हणते, "मला पुढचं काय बी ऐकू आलं न्हाई. मास्तरांच्या हातातनं वढलं आन् भाईर जाऊन फाडलं. वंगाळ कागुद घरात ठेवत्यात व्हय?"

वहिनीनं तिचे हात धरले, बांगड्या फोडायला. तेवढ्यात मास्तर उकिरड्यावरचे तुकडे गोळा करत ओरडले, जित्ता हाय, इस्पितळात हाय. तेव्हा हात सुटले. तुकडे नदीत सोडले. कागद चांगला निघाला तरी एकदा फाडलेला घरात कसा घेणार.

मी फार बोललो. जे बोललो ते इथं लिहीत नाही. ती करपलेली भाकरी तिनं स्वतः खाल्ली आणि मला दुसरी दिली.

४ नोव्हें., सोमवार

परत सातारा. काय सांगायचं हे मोटारीत चार वेळा घोकलं, आणि तिथं जाऊन सरळ सांगून टाकलं की बायकोनं फाडलं.

भाऊसाहेब हसतील वाटलं. हसले नाहीत. तपकिरीची डबी मिटली. "अहो, आमच्या घरीही फाडतात. माझा मेहुणा गेला तेव्हाचं कार्ड मीच फाडलं. पण वरचा साहेब विलायतेचा. त्याला इंग्रजीत हे कसं लिहू? तो म्हणेल, सरकारी पत्र कोण फाडतं? फाडलं म्हणजे लपवण्याजोगं काहीतरी असणार."

म्हणजे सगळ्या जिल्ह्याला समजतं ते एका साहेबाला समजत नाही, आणि सही त्याची.

मास्तरांची साक्ष चालेल का विचारलं. नाही. पत्र वाचणारा नको, पाय मोडताना बघणारा पाहिजे. कोण होतं बरोबर?

मी म्हणालो, एकच होता. सांगलीचा दस्तगीर. लॉरीचा ड्रायव्हर.

"मग अडलंय कुठं? त्याचं शपथेवर लिहून आणा. मार्चअखेरच्या आत. मग हे काम बंद होणार आहे."

अडलंय कुठं ते त्यांना सांगितलं नाही.

६ नोव्हें.

दस्तगीरला कार्ड टाकलं. नुसतं खुशालीचं. कामाचं लिहायला हात होईना.

गुडघा दोन दिवस ठणकतोय. (पुढं नुसतं गु. लिहीन. रोज तेच लिहायचं तर शाई तरी वाचावी.)

२० नोव्हें.

गुऱ्हाळ सुरू झालं. दादानं मला चुलवाणावर बसवलं, जाळ घालायला. बसून करायचं काम. दादा थोरला भाऊ, मनानं वाईट नाही. माझ्यासाठी बसायला उंच फळीपण करून आणली, खाली बसताना पाय वाकत नाही म्हणून. त्या फळीवर बसलं की सगळं गुऱ्हाळ माझ्याकडं बघतंय असं वाटतं. पूर्वी मी मोट धरायचो, नांगर धरायचो, दादा मागं असायचा.

रस प्यायला आलेला एकजण म्हणाला, "सुभेदार, लढाईत गोळी लागली का गाडीतनं पडलासा?" सगळे हसले. मीपण हसलो. गाडीतनंच पडलो की.

नाईकाचा सुभेदार केलाय लोकांनी. पगार तेवढा विसरले.

२ डिसें.

सोनानं आता नवीनच काढलंय. कसलाही कागद फेकत नाही. साखरेच्या पुडीचा, गेल्या सालच्या पंचांगाचा, भिंतीवरून निघालेला गोळ्यांच्या जाहिरातीचा, सगळे घड्या करून पत्र्याच्या डब्यात. "असू द्या, कवा काय मागत्याल." आणि पोस्टमन दिसला की दारात येऊन पहिलं विचारते, "बरा हाय का वंगाळ?" माझ्याकडून ऐकल्याशिवाय कागदाला हात लावत नाही.

त्या दिवशी बोललो नसतो तर बरं झालं असतं. आता डबा रोज भरतोय, आणि तरी माझ्या तोंडातून चांगला शब्द निघत नाही.

दस्त.चं उत्तर नाही.

९ डिसें., सांगली

स्वतःच आलो. मिरजेला गाडी बदलताना पाय घसरला, एका हमालानं धरलं.

मोटार स्टँडवर विचारलं, सगळे ओळखतात. सांगली–विटा मोटारीवर आहे. "मिरचीवाला ड्रायव्हर व्हय?" म्हणाले. का ते मोटार आल्यावर कळलं. काचेजवळ हिरव्या मिरच्या ठेवलेल्या. गाडी चालवताना एक दाढेखाली धरतो. डोळ्यांत कायम पाणी.

मला बघून खाली उतरला, आणि आधी पायाकडं बघितलं. मग तोंडाकडं.

"कार्ड मिळालं गड्या. वाचून घेतलं. पर काय लिवू तुला?"

घरी घेऊन आला. म्हातारे वडील, बायको, लहान मुलगी. वडील भांड्यांना कल्हई करायचे, आता दिसत नाही. सगळं घर या एका नोकरीवर. मालकानं ठेवून घेतलं ते पलटणीच्या चांगल्या वागणुकीच्या दाखल्यावर. तो दाखला काचेत घालून भिंतीवर लावलाय. जेवताना माझी नजर सारखी तिकडं जात होती.

जेवल्यावर मी बोललो. रस्ता खचला आणि लॉरी खाली गेली, एवढं लिहून दे. मी तेव्हा साहेबाला तेच सांगितलं होतं. तुझं नाव कुठं येत नाही.

त्यानं भिंतीवरच्या दाखल्याकडं बघितलं. मग म्हणाला, "नाईक, तवा तू माझ्यासाठी खोटं बोललास. मी गप बसलो, भ्यालो हुतो. आता शपथेवर न्हाई बोलायचा. मला झोप लागली. चार रात्री झाल्या हुत्या, पर लागली ती मलाच लागली. लिवायचं तर ह्येच लिवीन."

"वेड लागलंय तुला."

"तसं समज."

बायको चुलीपाशी होती. तिचं काम थांबलेलं मला ऐकू आलं.

१० डिसें., गाडीत

अक्षर हलतंय. सकाळीच मला कचेरीकडं घेऊन गेला. झाडाखाली लिहिणारे बसतात, त्यातल्या एकाला सगळं सांगितलं. न अडखळता, जसं मनात कैक वेळा म्हटलेलं असावं. कागदावर आलं ते असं : मी चालवीत होतो. दिवे बंद ठेवायचा हुकूम होता. मला झोप लागली. लॉरी घसरली, नाईक साळुंखे यांचा पाय तिच्याखाली आला. ते ड्यूटीवर होते. मग आत जाऊन शपथ घेतली, शिक्का झाला.

मी थांबवू शकलो असतो. नुसता हात धरला असता तरी थांबला असता. मी बाजूला उभा राहिलो. गरज माझी होती.

कागद माझ्या हातात देऊन त्यानं मोठा श्वास घेतला, आणि चल, चहा पाजतो म्हणाला. दोन वर्षांत त्याला असा हसताना मी पाहिलेला नाही. मला संताप आला. याचं ओझं उतरलं आणि माझ्या डोक्यावर आलं, आणि हा चहा पाजतोय.

निघताना त्याच्या बायकोनं एक पुरचुंडी दिली. वाटलं, ती म्हणेल, भावजी तो कागद देऊ नका. म्हणाली नाही. "सांगलीची हळद हाय. वैनीस्नी सांगा, पायाला गरम करून बांधा म्हनावं." एवढंच, आणि आत गेली. त्यापेक्षा बोलली असती तर बरं वाटलं असतं.

११ डिसें.

सोनानं पुरचुंडी हुंगून बघितली. "चांगल्या मनानं दिलीया." लगेच लेप केला. गु.ला बरं वाटतंय, हे लिहायला लाज वाटते.

तिला कागदाबद्दल म्हणालो, साक्ष आहे. तिनं विचारलं, बरा हाय का वंगाळ? म्हणालो, बरा. पेटीत ठेवला.

१४ जाने. १९४७, संक्रांत

नोंद मोडली महिनाभर. लिहिण्यासारखं होतं ते लिहवत नव्हतं.

लोक तिळगूळ घेऊन आले. जाळ घालून डोळे लाल झालेत. मास्तर मध्ये भेटले, बदली झालीय पाचगणीकडं. माझी चौकशी केली. म्हणाले, "मी आधी सबंध वाचून मग बोलायला हवं होतं हो." त्यांनाही ते लागलंय. एक पत्र आणि किती जणांच्या जिवाला लागून राहिलंय.

२० जाने., सोमवार

सातारा. कागद भाऊसाहेबांपुढं ठेवला. त्यांनी वाचला. परत वाचला. मग उठून दार लोटून आले.

"साळुंखे, तुमचं काम यानं होईल. अगदी होईल. पण हा कागद वर जाणार, तिथून त्याच्या डेपोत. चालवताना झोपला हे त्यानं शपथेवर कबूल केलंय. चौकशी लागेल. दाखला परत मागतील, लायसन जाईल. पुढं काय होईल ते मी सांगू शकत नाही. रस्ता खचला, एवढंच आणलं असतंत तर..."

"तो खोटं लिहून देत नाही."

"मग तुम्ही ठरवा. मी आज हा पाहिलाच नाही. घेऊन जा, आणि आणायचा असेल तर आणा."

भला माणूस. भल्या माणसानं पण शेवटी कागद माझ्याच हातात परत दिला.

३ फेब्रु.

वहिनी आज सोनाला म्हणाली, बसून खाणाऱ्यांच्या घरात तूप कशाला लागतं. रागाच्या भरात. तासाभरानं वाटीभर तूप घेऊन तीच आली, डोळे पुसत. सोनानं घेतलं. पण सोना या घरात काय काय उचलते, काय काय धुते, ते मी बघतो. माझ्या पायाची भरपाई ती तिच्या हातांनी करतेय.

पेन्शन आली तर वेगळी चूल मांडता येईल. छोटंसं दुकान टाकेन, बसून होईल असं. दारावर पाटी लावायची गरज नाही, पण कुणी विचारलं तर म्हणेन, सरकारनं मान्य केलंय, लढाईवर मोडला. एवढं म्हणता आलं तरी मला पुरे. पैशापेक्षा ते जास्त पाहिजे, असं कधी कधी वाटतं. मग तुपाची वाटी आठवते आणि पैसेही पाहिजेत.

१२ फेब्रु.

गु. फार. हळद संपत आली.

दस्त.च्या जागी मी असतो तर? मी खोटंच लिहून दिलं असतं, झटकन. आणि दोघंही सुखी झालो असतो. खरं बोलणाऱ्या माणसाची मैत्री म्हणजे जिवाला घोर. पण माझा पाय लॉरीखाली असताना त्यानंच हातांनी माती उकरली होती. नखं गेली होती त्याची. कागद लिहवून घेताना हे सांगायचं तो विसरला. का मुद्दाम सांगितलं नाही?

५ मार्च

गुळाच्या कामानं कऱ्हाडला गेलो, दादाच्या बैलगाडीत. स्टँडवर तीच मोटार उभी! दस्त. वऱ्हाड घेऊन आला होता. आत बायका, पोरं, टपावर ट्रंका. एक म्हातारी उतरता उतरता त्याला म्हणाली, "बाबा, तुज्या गाडीत भ्या वाटत न्हाई बघ." तो डोळे पुसत होता, मिरचीमुळं.

मला बघून आला. "दिलास का कागुद?"

"अजून न्हाई."

"का रं? मार्च लागला की."

"पाय दुखतोय, साताऱ्याला जाणं झालं न्हाई."

माझ्याकडं बघत राहिला. त्याला कळलं. "नाईक, मी लिवून दिलंय ते तुला इचारून न्हाई दिलं. माझ्या मनानं दिलंय. तू माझा इचार करू नगंस."

"तुझ्या म्हाताऱ्यानं करायचा मग?"

त्यावर वळून गाडीत चढला. हॉर्न द्यायला लागला. जाताना नुसता म्हणाला, "तुझा पाय हाय गड्या." आणि मिरची दाढेखाली धरून बसला.

गाडी स्टँडवरून इतकी सावकाश वळवली की मागचे टांगेवाले ओरडायला लागले.

१९ मार्च

दादाला सगळं सांगितलं, पहिल्यांदाच. वाटलं तो म्हणेल, दे टाकून, आपलं आपण बघावं. तो बराच वेळ उसाची पात सोलत राहिला. "मला इचारू नगंस बाबा. मी न्हाई म्हणालो तर म्हणशील दादाला मी खाली बसल्यालाच पायजे. व्हय म्हणालो तर त्या माणसाचं घर बसलं ते माझ्या जिभंवर."

शहाणा आहे. सगळेच शहाणे आहेत. कागद कुणालाच धरायचा नाही.

२७ मार्च, गुरुवार

उद्या सकाळची मोटार गाठायची. पुढच्या आठवड्यात हापीस हे काम बंद करणार, भाऊसाहेबांनी मुद्दाम निरोप पाठवला होता. कोट झटकून ठेवलाय. काठीला नवीन टोपण बसवलं.

दुपारी पेटी उघडून कागद काढला. वाचला. तोच. मला झोप लागली. खाली दस्त.ची सही, वेडीवाकडी. पलटणीत मीच शिकवली होती त्याला. दोन पावसाळे लागले, तरी 'र' नीट येत नव्हता. अजून येत नाही.

कोटाच्या आतल्या खिशात घातला. काढला. पेटीत ठेवला. परत काढला.

सोना दारात उभी राहून बघत होती. पुरचुंडीतली शेवटची हळद कालवून आणली होती, वाटीतनं वाफ येत होती. म्हणाली, "दुपारपास्नं चारदा घातला आन् काढला. तवा मला म्हणालासा बरा हाय."

मी कागदाची घडी नीट करत राहिलो.

ती जवळ येऊन बसली. माझ्या हातातून कागद घेतला. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच तिनं न विचारता कागदाला हात लावला. बोटांची हळद कोपऱ्याला लागली, तिनं पदरानं पुसायला बघितली, डाग पसरला. मग उंबऱ्याकडं बघितलं आणि माझ्याकडं.

"आवं, खरं सांगा. घरात ठिवायचा हाय का भाईर न्यायचा? बरा हाय का वंगाळ?"

अजून तशीच बसलीय, कागद मांडीवर घेऊन. मी हे लिहितोय आणि ती वाट बघतेय. लेप गार झाला. तिला काय सांगू?